तेवीस कलमी तयारी

“आत्ताच निघू या,” मार्लिसबाई म्हणाल्या.

सोमवारची संध्याकाळ होती, आकाश निरभ्र होतं, रस्ता कोरडा होता आणि गाडीची टाकी भरलेली होती. तेव्हाच निघाले असते तर दोन तासांत फार्गो शहरात लेकीच्या दारात उभे राहिले असते आणि मला सांगायला काही उरलं नसतं. पण स्कोगस्टाड सरांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं.

“तयारीशिवाय?” ते म्हणाले.

रेडिओवर सांगितलं होतं की गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास मोठं हिमवादळ येणार, हमरस्त्यावर वाहनं अडवायची फाटकं बंद होणार, आणि ज्यांना कुठे जायचंय त्यांनी बुधवारपर्यंत पोचावं. सरांना जायचं होतंच. कारी, त्यांची एकुलती एक मुलगी, पुढच्या सोमवारी बाळंत होणार होती. पहिलं नातवंड. आणि काहीही झालं, आभाळ कोसळलं तरी या वेळी आपण तिथे हजर असायचंच, असं सरांनी पणच केला होता.

‘या वेळी’ म्हणायला कारण आहे. एकतीस वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका वादळात कारी जन्मली, तेव्हा सर रस्त्याकडेच्या चरात, गाडीत बसून चॉकलेट खात होते. वर्लिन क्योस नावाच्या शेजाऱ्याने ट्रॅक्टर आणून त्यांना बाहेर ओढलं, आणि साखळी अडकवता अडकवता बातमीही त्यानेच दिली, “मुलगी झाली तुला.” आता हे कोणाचंही होऊ शकतं. पण सर शाळेत गाडी चालवायला शिकवत. चौतीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले. विकडाल गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली गाडी शिकली आणि उरलेली निम्मी ही गोष्ट सांगायला शिकली.

तर तयारी. सरांनी स्वतःच पूर्वी शाळेसाठी एक पत्रक छापलं होतं, ‘हिवाळी प्रवास: तेवीस कलमं’. फावडं, दोर, घोंगडी, शिट्टी, वाळू, चॉकलेट, गाडीच्या रेडिओच्या काडीला बांधायला लाल फडकं, अशी ती कलमं. कलम चार होतं कॉफीचा पत्र्याचा डबा आणि त्यात लावायला मेणबत्ती. गाडी अडकली तर एवढ्या आगीवरसुद्धा माणूस तग धरतो. अडचण अशी की हल्ली कॉफी प्लास्टिकच्या डब्यात येते.

“प्लास्टिकच्या डब्यात मेणबत्ती लाव,” मार्लिसबाई म्हणाल्या. “वादळाच्या आधी आपणच मोकळे होऊ.”

मंगळवारी सकाळी सर पत्र्याचा डबा मागायला पलीकडच्या ओपलबाईंकडे गेले. ओपलबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे पत्र्याचे चाळीस डबे होते आणि सगळे भरलेले. एकात बटणं, एकात दिवंगत यजमानांचे खिळे, एकात दुसऱ्या डब्यांची झाकणं. रिकामा होण्याच्या बेतात असलेला एकच, त्यात तळाशी कॉफी होती. म्हणजे ती संपवणं आलं. आमच्याकडे कॉफी विचारली की दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धाच कप’ म्हणायचं. पहिल्याच फटक्यात ‘हो’ म्हणणारा माणूस परगावचा समजला जातो. सरांनी प्रत्येक अर्ध्या कपाला दोन नकार दिले. डबा रिकामा व्हायला साडेअकरा वाजले.

“मेणबत्तीही ने,” ओपलबाई म्हणाल्या. “नाताळातली आहे. दालचिनीचा वास येतो.”

“तसं काही नको होतं,” सर म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ ‘आभारी आहे’ असा होतो.

वस्तू प्रवासात नेण्याआधी वापरून बघायची, हे कलम एकवीस. तेव्हा जेवणानंतर सर घराबाहेर उभ्या गाडीत जाऊन बसले. इंजिन बंद, काच जराशी उघडी, अंगाभोवती दोन घोंगड्या, मांडीवर डबा आणि डब्यात दालचिनीची मेणबत्ती. तासाभरात गाडी कितपत गरम होते हे त्यांना वहीत लिहायचं होतं. पाऊण तासाने काचेवर टकटक झाली. बाहेर ओपलबाई उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी.

“चाळीस वर्षांच्या संसारानंतर असं बाहेर काढलं तुला?”

“मला कोणी काढलेलं नाही. मी प्रयोग करतोय.”

“हो, हो,” ओपलबाई हळुवारपणे म्हणाल्या. “माझे हेही असंच काहीतरी म्हणायचे.”

विकडालची लोकवस्ती तीनशे बारा. चार वाजेपर्यंत तीनशे अकरा जणांना कळलं होतं की स्कोगस्टाडांच्या घरात बिनसलंय आणि सर गाडीत राहतायत. आता, घरात कोणी मेलं, कोणी आजारी पडलं किंवा कोणाचं बिनसलं, की आमच्याकडे शेजारणी बोलत काही नाहीत, हॉटडिश घेऊन येतात. खाली खिमा, मध्ये मशरूमचं घट्ट सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या, आणि ताटलीच्या तळाशी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. सहा वाजता मार्लिसबाईंच्या ओट्यावर अशा सात ताटल्या होत्या.

“यांचं काय करायचं?” सरांनी विचारलं.

“गाडीत घाल. कारीला होतील,” मार्लिसबाई दातओठ खात म्हणाल्या. “आणि आर्डन, सात बायकांनी आज माझा हात दाबला. कशासाठी, ते मला आत्ता कळतंय.”

संध्याकाळी वर्लिन आला. ट्रकातून त्याने वाळूची सहा पोती उतरवली आणि न विचारता सरांच्या डिकीत रचायला सुरुवात केली.

सर चौतीस वर्षं सांगत आले होते की डिकीत वजन टाकायचे दिवस गेले. जुन्या गाड्यांत इंजिन मागची चाकं फिरवायचं. आताच्या गाडीत पुढची फिरवतं. मागे वजन टाकलं की पुढचं टोक हलकं होतं आणि गाडी वळता वळत नाही. पत्रकात ‘वाळू, एक छोटी पिशवी, चाकाखाली टाकण्यासाठी’ असं लिहिलं होतं. हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं. पण ज्या माणसाने तुम्हाला एकदा चरातून ओढून काढलंय, त्याला वाहन कसं चालवावं हे सांगणार कसं?

“सहा जरा जास्त होतील का, वर्लिन?” ते म्हणाले.

“नाही,” वर्लिन म्हणाला. तो विषय तिथे संपला.

कलम सात सांगत होतं की आपला मार्ग आणि निघण्याची वेळ कोणाला तरी कळवावी. कोणाला म्हणजे अधिकृत माणसाला, असा सरांनी अर्थ काढला होता आणि त्यासाठी त्यांनी त्याच दुपारी, प्रयोगानंतर लगेच, पोलिस कचेरीही गाठली होती. खिडकीमागे बर्नाडीन होती. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

“मार्ग नोंदवायचाय,” सर म्हणाले.

“त्याचा फॉर्म नाही, सर. हरवलेल्या माणसाचा आहे.”

“मी अजून हरवलेलो नाही.”

“मग हरवलात की या,” बर्नाडीन म्हणाली. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिने आवाज खाली आणला. “आणि सर, घरी सगळं ठीक होईल हं.”

बुधवारी सकाळी आठला निघायचं ठरलं होतं आणि आठला सर खरोखर गाडीत बसले होते. तेवीसच्या तेवीस कलमांवर खुणा होत्या. मार्लिसबाई शेजारी, मागच्या सीटवर घोंगड्या, बॅगा आणि सात हॉटडिश, डिकीत वाळू. सरांनी आरसे पाहिले, पट्टा पाहिला, चावी फिरवली आणि गाडी डौलात मागे घेतली.

आमच्याकडच्या थंडीत इंजिनाचं तेल गोठू नये म्हणून रात्रभर गाडीला वीज देऊन ठेवतात. गाडीच्या नाकातून एक वायर निघते ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाते. निघताना ती काढायची असते. हे तेवीस कलमांत नव्हतं, कारण इतकं कोणी विसरेल असं सरांना कधी वाटलंच नव्हतं.

वायर मजबूत होती. भिंत तितकी नव्हती. सॉकेट, त्यामागची पेटी, पेटीमागची हातभर नळी आणि फळीचा एक तुकडा असं सगळं गाडीमागोमाग अंगणात आलं, ठिणग्या उडाल्या आणि घरातली वीज गेली. वीज गेली म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा गेला, आणि पंखा गेला की तीन तासांत नळ गोठून फुटतात. असं घर टाकून जाता येत नाही. गावात विजेचं काम कोण करतं? वर्लिन.

तो आला. त्याने अंगणात पडलेलं सॉकेट पाहिलं, गाडीच्या नाकाला लोंबणारी वायर पाहिली, मग सरांकडे पाहिलं.

“हं,” तो म्हणाला.

हसला असता तरी चाललं असतं. सरांना त्या ‘हं’ने दिवसभर पोखरलं. वर्लिनचं काम संपायला संध्याकाळचे सहा वाजले, बाहेर काळोख झाला, आणि अंधारात हमरस्ता धरायचा नाही हे कलम दोन.

“सोमवारी,” मार्लिसबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या, “आकाश निरभ्र होतं.”

मग गुरुवार. वादळ बाराला, सातला निघालं तर नऊला फार्गो. हिशोब बिनचूक होता. फक्त त्यात निरोप धरलेला नव्हता.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे निरोप ही एका वाक्यात उरकायची गोष्ट नाही. आधी बसल्या जागी गुडघ्यांवर थाप मारून ‘ठीक आहे तर मग’ म्हणायचं आणि बसूनच राहायचं. मग उठून दारापर्यंत जायचं आणि तिथे नवा विषय काढायचा. मग पायरीवर, मग अंगणात, मग गाडीच्या काचेशी. कारीचा नवरा डेरिक दूर दक्षिणेतल्या ॲरिझोनाचा आहे. तो फोनवर ‘बरं, बाय’ म्हणतो आणि सरळ ठेवतो. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासूसासरे प्रत्येक वेळी फोन हातात धरून एकमेकांकडे बघत बसतात, आपलं काय चुकलं म्हणून.

पावणेसातला ओपलबाई आल्या, पाठोपाठ वर्लिन. साडेसातला वर्लिनने गुडघ्यांवर थाप मारली. आठला सगळे दारात होते. तीन दिवस नवऱ्याच्या मागे घाई लावणाऱ्या मार्लिसबाईच दारात अडकल्या; ओपलबाईंच्या भाचीच्या गुडघ्याचं ऑपरेशन अर्धं सांगून झालं होतं, आणि माणसाला ऑपरेशनच्या मध्येच सोडून कसं जाणार? नऊला पायरी. साडेनऊला सर गाडीत बसले, वायर काढलेली आहे हे तीनदा उतरून पाहिलं, आणि वर्लिन काचेवर कोपर टेकून उभा राहिला.

दहाला पहिला भुरभुरीत बर्फ वर्लिनच्या टोपीवर पडला. वादळ दोन तास आधी आलं होतं.

“लवकर निघायला हवं होतंत,” वर्लिन म्हणाला.

सरांनी काच वर घेतली. आमच्याकडे याहून मोठा अपमान करता येत नाही. “फाटकापर्यंत जाऊन बघू,” ते बायकोला म्हणाले. “बंद असेल तर परत येऊ.”

गाडी निघाली तेव्हा रस्ता दिसत होता. शेवटचं घर मागे पडलं तेव्हा रस्त्याच्या कडा दिसत होत्या. गावाबाहेर धान्याच्या उंच कोठारापाशी रस्ता उजवीकडे वळतो, तिथे पोचेपर्यंत कोठारही दिसेना. सरांनी वेग कमी केला, चौतीस वर्षं शिकवलं तसं हलक्या हाताने चाक उजवीकडे फिरवलं, आणि वाळूची सहा पोती, सात हॉटडिश आणि दोन बॅगा मागे घेऊन बसलेली गाडी पुढचं नाक जरा वर करून, कसलीही घाई न करता, सरळ गेली. तशीच सावकाश उतरत ती चरात बसली.

मार्लिसबाईंनी मागे वळून हॉटडिश शाबूत आहेत का ते पाहिलं.

“घरापासून किती आलो?” मार्लिसबाईंनी विचारलं.

“पाऊण मैल.”

“चालत जाऊ.”

“गाडी सोडायची नाही. कलम एक. माणसं गाडीत मरत नाहीत, गाडी सोडून चालायला लागली की मरतात.” आणि हे मात्र खरं होतं. बाहेर हात लांब केला तर हात दिसत नव्हता.

मार्लिसबाईंनी पत्र्याचा डबा मांडीवर घेतला. त्यांनी मेणबत्ती लावली. सर लाल फडकं शोधू लागले. कलम अकरावर खूण होती, पण फडकं काल अंगणात सॉकेटमधून निघालेल्या तारा गुंडाळायला वापरलं होतं. सगळ्या बॅगा उचकल्यावर गाडीत लाल अशी एकच गोष्ट सापडली, सरांची लांब तंगड्यांची लोकरी आतली विजार. सर गाडीला धरून धरून बाहेर गेले, ती काडीला बांधली आणि आत येऊन बसले.

“माझं पुन्हा हेच व्हायचं होतं,” ते म्हणाले. “पुन्हा चर. कारी मला विचारेल, बाबा, कुठे होतास? तेव्हा ती तान्ही होती, विचारता येत नव्हतं म्हणून वाचलो.”

मार्लिसबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात फोन वाजला.

डेरिक होता; मार्लिसबाईंनाही ऐकू यावं म्हणून सरांनी स्पीकर लावला. “आम्ही दवाखान्यात आहोत,” तो म्हणाला. “पहाटे चारपासून. कारीने सांगू नको म्हटलं होतं, तुम्ही घाई करून वादळात निघाल म्हणून. तुम्ही घरीच आहात ना?”

“घराजवळ आहोत,” सर म्हणाले.

कारीचा आवाज आला, धापा टाकणारा. “बाबा? आता आत नेतायत. फोन बंद करावा लागेल. मी ठीक आहे.”

“बरं. बरं. ठीक आहे तर मग,” सर म्हणाले.

“ठीक आहे तर मग,” कारी म्हणाली.

अर्थातच कोणी फोन ठेवला नाही.

“पायमोजे घातलेस का?” मार्लिसबाईंनी विचारलं.

“घातले. तू पाठवलेलेच. थांब हं.” मग मिनिटभर नुसता श्वास ऐकू आला, आणि एक अशी आरोळी की सरांनी फोन छातीशी धरला. “हं. काय म्हणत होतीस?”

“ओपलबाईंनी आशीर्वाद सांगितलाय. त्यांच्या भाचीचा गुडघा...”

“डावा की उजवा?”

“मी फोन ठेवू का?” डेरिकने केविलवाणं विचारलं.

“थांब!” तिघं एकदम म्हणाले.

मग एक नवा आवाज आला, नर्सचा. “असा कसा ठेवता? त्यांचा निरोप अजून दारापर्यंतसुद्धा आलेला नाही. कुठले तुम्ही? विकडालचे? मग स्कोगस्टाड म्हणजे, गाडी शिकवणारे सर का?”

“हो,” सर म्हणाले.

“सर, मी रोझेला! शेजारच्या गावची. दोनदा नापास केलं होतंत मला, गाडी लावण्यात. सर, मागे हा कसला आवाज येतोय? वारा?”

सरांनी बायकोकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. “आम्ही चरात आहोत, रोझेला.”

“पुन्हा?” रोझेला म्हणाली. म्हणजे शेजारच्या गावातही ही गोष्ट ठाऊक होती. पण लगेच तिचा स्वर बदलला. “गाडी सोडू नका. काच जराशी उघडी. धुराच्या नळीपुढचा बर्फ काढत राहा. कलम एक, पाच आणि नऊ. कारी, आता जोर लाव.”

“ठीक आहे तर मग, बाबा,” कारी ओरडली.

“ठीक आहे तर मग, पोरी! मग आता... ठेवतो हं मी,” सर ओरडले आणि फोन आणखी घट्ट धरून बसले. मार्लिसबाईंना आणखी एक गोष्ट आठवली, मग सरांना एक आठवली, कारी मधूनमधून ‘हं’ म्हणत होती आणि मधूनमधून किंचाळत होती, आणि डेरिकने फोन ठेवायचा नादच सोडला होता. निरोप पायरी उतरून अंगणात आला असेल-नसेल, तेवढ्यात फोनमधून एक बारीक, चिडलेला, अगदी नवा आवाज आला.

सर रडायला लागले. चौतीस वर्षांत कोणा विद्यार्थ्याने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, रोझेलाने ऐकलं. “मुलगी, सर,” ती म्हणाली. “पास.”

त्यानंतर डेरिकने ‘बरं, बाय’ म्हणून फोन ठेवला. पहिल्यांदाच कोणाला वाईट वाटलं नाही.

फोन खाली ठेवतात न ठेवतात तोच काचेवर टकटक झाली. बाहेर बर्फाने पांढरी झालेली एक टोपी होती आणि तिच्याखाली वर्लिन. त्याच्यामागे, हाताच्या अंतरावर, ट्रॅक्टरचे दिवे अंधुक चमकत होते. सरांनी काच खाली केली.

“कधी आलास?”

“अर्धा तास झाला,” वर्लिन म्हणाला. “विजार दिसली. ट्रॅक्टर सकाळी सहालाच सुरू करून ठेवला होता.” त्याने टोपीवरचा बर्फ झटकला. “तुम्ही फोनवर होतात. मध्ये बोलणं बरं दिसेना.”

दुसऱ्या कोणत्याही दिवशी ‘सहालाच’ हा शब्द सरांच्या जिव्हारी लागला असता. पण आज त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं, आणि वर्लिनकडे नव्हतं. सरांनी डोळे पुसले, ताठ बसले, आणि एकतीस वर्षं आपल्याला ऐकवलं गेलेलं वाक्य आज स्वतः म्हणाले.

“मुलगी झाली, वर्लिन.”

वर्लिनने टोपी काढली. त्या वाऱ्यात, टक्कल उघडं ठेवून, तो बराच वेळ उभा राहिला.

“वाईट नाही,” तो म्हणाला. विकडालमध्ये याहून जास्त कोणी कोणाला कधी म्हटलेलं नाही.

सरांनी मागच्या सीटवरची एक हॉटडिश त्याच्यापुढे धरली. त्याने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा घेतली, ताटली उलटी करून खाली आपल्या बायकोचं नाव वाचलं, मान डोलावली आणि साखळी आणायला वळता वळता थांबला.

“ठीक आहे तर मग,” तो म्हणाला, आणि काचेवर कोपर टेकून उभा राहिला.